बफर डे : शून्य

(या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलेले आणि पुन्हा पुन्हा आलेले शब्द काढलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

स्पितीतून लडाखपर्यंत चालत गेल्याचं मी मागे ओझरतं बोलले होते. त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. नजारे-बिजारे राहू देत, रस्ता नाही, दुकान नाही, मोबाईलला रेंज नाही, अशा ठिकाणी पंधरा दिवसांचं खाणं आणि दोन्ही टोकांच्या गाड्या कशा जमवल्या ते सांग. तर आज तेच. खरं सांगायचं तर नीट जमवलं नव्हतं. म्हणून तर भागाचं नाव असं आहे.

माझ्याबद्दल नव्या लोकांसाठी दोन वाक्यं. मी बी.टेक. केलंय, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, घर साताऱ्याला. सह्याद्रीत दहा वर्षं हिंडतेय. आता सह्याद्रीत खाण्याची सोय म्हणजे काय असते? हरिश्चंद्रगडाला जायचं तर पाचनईतल्या काकूंना आदल्या दिवशी फोन करायचा, "काकू, चौघं येतोय, पिठलं-भाकरी करा." झालं! उतरलो की एसटी नाहीतर जीप. चुकलीच तर दुसरी येते. हा आमचा सगळा अनुभव, आणि त्या जोरावर मी हिमालयातल्या ट्रेकचं एक्सेल शीट करायला बसले होते.

आधी रस्ता समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्पिती खोऱ्यात काझाच्या वर किब्बर नावाचं गाव आहे, सुमारे ४,२०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अंदाज येईल. किब्बरवरून दुमला, थलटाक, बोरोगेन असे मुक्काम करत परांग ला ही खिंड ओलांडायची. ती साडेपाच हजार मीटरच्या वर आहे. पलीकडे हिमनदीवरून उतरलं की लडाख. मग पारे चू नदीच्या काठाकाठाने खरसा गोंगमा, दातांग, नॉर्बू सुमडो, तिथून त्सो मोरिरी तलावाचं दक्षिणेचं टोक कियांगदोम, आणि तलावाच्या कडेने कर्झोक गाव. हा पहिला टप्पा, आमच्या शीटमध्ये आठ दिवस. मधे एकही गाव नाही. घर नाही, चहाची टपरी नाही, काही नाही. दुसरा टप्पा कर्झोक ते रुमत्से, चांगथांगच्या पठारावरून, त्सो कार तलावाच्या बाजूने, सात दिवस. रुमत्से मनाली-लेह हायवेवर आहे. तिथे पोचलं की सुटलो.

म्हणजे पंधरा दिवसांत सामान भरायची जागा एकच : कर्झोक.

आम्ही चौघं. मी, माझी रूममेट, ऑफिसातला एक सिनियर, ज्याला सगळे दादाच म्हणतात, आणि माझा मामेभाऊ. तो तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मामी पाठवायला तयारच नव्हती. आईनं शब्द टाकला म्हणून पाठवला. हे लक्षात ठेवा.

आता गणित. माणशी दिवसाला कोरडा शिधा पाऊण किलोच्या आसपास लागतो. चौघांचे आठ दिवस म्हणजे चोवीस किलो. शिवाय कुकर. कुकरशिवाय तिकडे डाळ शिजतच नाही. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. तुम्ही तासभर उकळत बसा, तूरडाळ तुमच्याकडे बघून हसते. कुकर आला की रॉकेलचा स्टोव्ह आला, रॉकेल आलं. तंबू, स्लीपिंग बॅगा. हे पाठीवर नेणं आमच्या आवाक्यातलं नाही, म्हणून घोडे. आमच्या घोडेवाल्या भैयांनी एका घोड्यावर चाळीस-पंचेचाळीस किलोचा हिशेब धरला आणि पाच घोडे सांगितले. मी म्हटलं, माझ्या शीटप्रमाणे चार पुरतात. ते शांतपणे म्हणाले, "मैडम, हम दो आदमी भी खाना खाते हैं." (हशा) मी घोडेवाले आणि त्यांचा मदतनीस यांचं जेवण, त्यांचा तंबू काहीच धरलं नव्हतं. काही घोडेवाले आपला शिधा आपण आणतात, काही तुमच्यात जेवतात. हे बुकिंगच्या वेळी स्पष्ट विचारा. लाजू नका, त्यांनाही ते स्पष्ट झालेलं हवं असतं.

दुसरी गोष्ट, आणि ही कुठल्याही ट्रॅव्हल रीलमध्ये सांगत नाहीत : घोड्यांना परत जायचं असतं. तुम्ही कर्झोकला पोचून ढोकळ्याचे फोटो टाकता, पण ते भैया आणि पाच घोडे तीच खिंड ओलांडून किब्बरला परत चालत जातात. ते रिकामे, जोरात जातात, तरी त्यांचे पाच-सहा दिवस जातातच, आणि त्या दिवसांचेही पैसे द्यायचे असतात. दर ठरवताना "जाण्याचे किती, परतीचे किती" असं वेगवेगळं बोला. मला आधी वाटलं होतं, आपल्याला शहरातले बघून जास्त सांगतायत. नंतर स्वतः त्या खिंडीवर धापा टाकल्यावर घासाघीस केल्याची लाज वाटली.

ते घोडे पुढे रुमत्सेपर्यंत का नेले नाहीत? कारण परतीचा हिशेब दुपटीने वाढतो, आणि तो मुलूख कर्झोकवाल्यांचा. तिकडचं पाणी कुठे, चराई कुठे, हे त्यांना माहीत. म्हणून दुसऱ्या टप्प्याला कर्झोकचे घोडे ठरवले. लेहमधल्या गेस्ट हाऊसवाल्यांच्या ओळखीनं, फोनवर.

आणि आता पोतं. माझं लाडकं पोतं!

दुसऱ्या टप्प्याचा शिधा कर्झोकला आधी पोचवून ठेवायचा होता. कर्झोकमध्ये होमस्टे आहेत, छोटी दुकानं आहेत, बिस्किटं-मॅगी मिळतं. पण चौघांचं सात दिवसांचं सामान तिथे आयतं मिळेल यावर विसंबता येत नाही. लेहहून कर्झोक सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, चुमाथांग आणि माहे पुलावरून. रोजची बस नाही. मग केलं असं : घरची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चिक्की हे सगळं तीन आठवडे आधी पुण्याहून स्पीड पोस्टानं लेहच्या गेस्ट हाऊसला पाठवलं. त्यांना आधी विचारून बरं का, असंच कुणाच्या पत्त्यावर पार्सल मारायचं नाही. तांदूळ, डाळ, कणीक, कांदे-बटाटे त्यांच्या मुलानं लेहच्या बाजारात घेतले. सव्वीस किलोचं पोतं झालं. त्यावर मराठी, हिंदी, इंग्रजी तीन भाषांत नाव, माझा नंबर, होमस्टेचं नाव. मराठीत कशाला लिहायला लावलं ते विचारू नका. आणि पर्यटकांना घेऊन कर्झोकला निघालेल्या एका टॅक्सीच्या टपावर ते चढलं. रॉकेल कर्झोकमध्येच देतो, असं घोडेवाले म्हणाले होते.

या पोत्यामागे मी इतकी लागले होते की काय सांगू. ड्रायव्हरला तीन फोन. पोचल्याचा फोटो मागवला. फोटोत पोतं, शेजारी होमस्टेच्या आमा-ले हसतायत. मी तो फोटो ग्रुपवर टाकून वर हिरवी टिक दिली. प्रोजेक्टमधला सगळ्यात धोकादायक भाग संपला, असं मला वाटलं.

आता ते शून्य. तीन आठवड्यांची रजा, पुढचे-मागचे शनिवार-रविवार धरून तेवीस दिवस. शिमला-किन्नौरमार्गे काझाला पोचणं आणि काझा-किब्बरला उंचीची सवय होऊ देणं यात सहा. पहिला टप्पा आठ, दुसरा सात, लेह आणि विमान दोन. बेरीज करा. तेवीस. पहिल्या आराखड्यात मी दोन दिवस राखीव ठेवले होते. मग एक जण म्हणाला, आपण अर्धवट ट्रेक नको, पूर्ण रुमत्सेपर्यंत जाऊ. कोण म्हणालं ते सांगत नाही. मीच म्हणाले होते. तर ते दोन दिवस तिकडे गेले, आणि "बफर डे" नावाच्या ओळीसमोर मी शून्य टाकलं. ओळ खोडलीसुद्धा नाही. शून्य टाकलं.

आईला सांगितलं, "अठरा तारखेला संध्याकाळी कर्झोकला पोचेन. पोचले की फोन." सगळी माहिती ईमेल केली. किब्बरच्या होमस्टेचा नंबर, लेहचा नंबर, आणि रस्त्याची केएमएल फाईल. होय. मी माझ्या आईला केएमएल फाईल पाठवली.

रेंजचं पण एकदा सांगून टाकते. स्पितीत आपलं प्रीपेड सिम चालतं, जिथे टॉवर आहे तिथे. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड चालत नाही, पोस्टपेडच लागतं. आमच्यात पोस्टपेड फक्त दादाचं होतं. आणि ते सॅटेलाईटवरून मेसेज करायचं यंत्र असतं ना, परदेशातले ट्रेकर वापरतात, ते भारतात परवानगीशिवाय जवळ बाळगणं बेकायदा आहे. त्यापायी परदेशी पाहुणे विमानतळावर अडकल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. "ऑनलाईन मिळतंय" म्हणून मागवू नका. म्हणजे किब्बर सोडलं की कर्झोकपर्यंत तुम्ही जगाला नाही आणि जग तुम्हाला नाही.

तर निघालो. दुमलाची कुरणं, मग परिलुंगबीच्या खोल घळीत उतरून पलीकडे थलटाकची छाती फोडणारी चढण. तिसऱ्या दिवशी बोरोगेन, खिंडीच्या पायथ्याचा मुक्काम, पाच हजारच्या वर. तिथे संध्याकाळी भाऊ तंबूच्या मागे जाऊन उलटी करून आला. मी पाहिलं. त्याला विचारलं, डोकं दुखतंय का? म्हणाला, थोडंसं. कधीपासून? गप्प. रूममेटनं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, काल दुपारपासून.

म्हणजे थलटाकपासून. तीस तास हा मुलगा डोकं धरून चालत होता आणि कुणाला बोलला नव्हता.

मी चिडले. म्हटलं, अरे, आपण निघताना दहा वेळा बोललोय, डोकं दुखलं की सांगायचं! त्यावर तो जे म्हणाला ते मला अजून आठवतं. म्हणाला, "ताई, सांगितलं असतं तर थांबावं लागलं असतं. तुझ्या शीटमध्ये जागाच नव्हती."

(थोडा वेळ शांतता)

बघा, उंचीच्या त्रासाचा नियम सोपा आहे. लक्षणं असताना वर जायचं नाही. वाढत असतील तर खाली उतरायचं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आमच्याकडे होतं, आकडा बरा दाखवत होतं. पण आकड्यापेक्षा माणसाकडे बघायचं. गोळ्या होत्या, डॉक्टरांना विचारून घेतलेल्या. पण गोळी हे उतरण्याला पर्याय नाही. आणि बोरोगेनवरून अजून मागे जाता येतं, किब्बर दोन दिवसांवर आहे. एकदा परांग ला ओलांडली की दोन्हीकडची माणसं चार-चार दिवस लांब. तिथे काही वाढलं तर घोड्यावर बांधून न्यायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

आम्ही वेगळे होऊ शकत होतो का? दोघं खाली, दोघं वर? नाही. घोडेवाला एक, स्वयंपाकाचा तंबू एक, कुकर एक. हेही शीटमध्ये दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळेच थलटाकला उतरलो. भैया एका शब्दानं कुरकुरले नाहीत. फक्त घोड्यांना चारा त्या बाजूला बरा आहे, एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत भावाचं डोकं उतरलं, रात्री दोन वाट्या मुगाची खिचडी आणि मेतकूट खाल्लं. तिसऱ्या दिवशी परत बोरोगेन. चौथ्या दिवशी पहाटे अंधारात निघून, बर्फ घट्ट असताना, परांग ला. त्यानं ती व्यवस्थित ओलांडली. वर पोचल्यावर त्याला मिठी मारली आणि मी रडले. सगळ्यांना वाटलं खिंडीमुळे.

दोन दिवस गेले होते. पुढचं चालणं छान झालं. पारे चूचं प्रचंड रुंद पात्र, लांबवर कियांगांचे कळप. कियांग म्हणजे तिकडची रानगाढवं, पण चाल अशी की राजघराण्यातली वाटावीत. या नदीची गंमत म्हणजे ती लडाखमधून तिबेटात जाते आणि फिरून पुन्हा हिमाचलात येऊन सुमदोजवळ स्पितीला मिळते. २००४ मध्ये तिबेटात दरड कोसळून हिच्यावर तळं साठलं, ते २००५ च्या जूनमध्ये फुटलं आणि पार सतलजला पूर आला होता. आम्हाला नॉर्बू सुमडोला ती ओलांडायची होती. दुपारी पोचलो. बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं, म्हणून भैयांनी सकाळपर्यंत थांबवलं. मी तिथे वाळूत बसून घड्याळाकडे बघत होते. तारीख अठरा. संध्याकाळचे सहा.

आई फोन घेऊन बसली असणार, हे मला दिसत होतं. आणि मी काहीही करू शकत नव्हते.

पुढचं आईकडून नंतर कळलेलं. अठराची रात्र तिनं काढली. एकोणीसला दुपारी किब्बरच्या होमस्टेला फोन लावला. आईचं हिंदी आणि त्यांचं हिंदी. ते म्हणाले, रास्ता लंबा है माताजी, घोड़ेवाला पुराना आदमी है, आ जाएँगे. आईनं त्यातलं "रास्ता लंबा है" एवढंच धरलं. मग तिनं आणि बाबांनी मी पाठवलेली ती फाईल उघडायचा प्रयत्न केला. ती फोनवर उघडेना. शेजारच्या मुलाला बोलावलं. त्यानं उघडून दाखवली, तर नकाशावर एक लाल रेघ आणि भोवती सगळं तपकिरी. आई म्हणाली, त्या रेघेकडे बघत बसले होते मी. एकोणीसच्या रात्री मामीचा फोन आला. मामी भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "वन्सं, तुमच्या शब्दावर पाठवला होता. काही कळलं का?"

वीस तारखेला दुपारी तीनला आम्ही कर्झोकला पोचलो. दादाच्या फोनला रेंज येत-जात होती. गोंपाच्या खालच्या चढावर उभं राहून लावला. आईनं उचलला. मी म्हटलं, आई, पोचलो सगळे, भाऊ ठीक आहे. ती म्हणाली, "थांब हं, गॅस बंद करून येते." फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. कुकरची अर्धी शिट्टी ऐकू आली. मग मिनिटभर कुणीच नव्हतं. मी हॅलो हॅलो करत होते. आली तेव्हा आवाज एकदम साधा. म्हणाली, आधी मामीला फोन कर, माझ्याशी नंतर बोल.

बरं. पोतं कसं होतं? पोतं उत्तम! आमा-लेंच्या स्वयंपाकघरात, उंदीर लागू नये म्हणून फळीवर चढवून ठेवलेलं, गाठसुद्धा माझीच. ज्याची मी सगळ्यात जास्त काळजी केली ते जागच्या जागी होतं. आम्हीच वेळेवर नव्हतो.

आणि घोडे? दुसऱ्या टप्प्याचे घोडेवाले एकोणीसला ठरल्याप्रमाणे आले. दिवसभर थांबले. वीसला सकाळी दुसरा ग्रुप घेऊन निघून गेले. चूक त्यांची अजिबात नाही. उशीर झाला तर किती दिवस थांबायचं, थांबल्याचे पैसे किती, हे मी बोललेच नव्हते. त्यांना वाटलं आम्ही यायचं रद्द केलं. त्यात कर्झोक गोंपाचा गुस्तोर, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, त्याच दिवसांत होता. तो तिबेटी पंचांगानं येतो, दरवर्षी इंग्रजी तारीख बदलते. अख्खं गाव, पठारावरचे चांगपा मेंढपाळ सगळे गोंपात. घोडा मिळेना. मीही तो नाच अर्धा तास पाहिला. एरवी आयुष्यभर लक्षात राहिला असता, पण माझं डोकं सगळं घोड्यांत.

रात्री आमा-लेंच्या चुलीपाशी बसून हिशेब केला. सात दिवसांच्या टप्प्याला उरले पाच दिवस. दादाची विमानाची तारीख हलणार नव्हती. भाऊ बरा होता, पण त्याला पुन्हा पाच हजारावर न्यायची माझी हिंमत नव्हती, आणि मामीला तसं विचारायची तर त्याहून नव्हती. रूममेट म्हणाली, "आपण दोघी त्सो कारपासून रुमत्से करू. तीन दिवस. पाठीवर घेऊन."

पाठीवर! मग पोतं सोडलं, आणि माझ्या लाडक्या पोत्याची खरी परीक्षा तेव्हा झाली. सहा किलो कांदे-बटाटे. तूरडाळ. कणीक. कुकरशिवाय आणि घोड्याशिवाय यातलं काय कामाचं? सव्वीस किलोंतलं साडेचार किलो. भाजणी होती, पण थालीपीठ थापायला तेल-तवा कोण नेणार. रूममेटनं तिथेच चुलीवर ती खमंग परतून घेतली, गूळ घातला, नुसतं गरम पाणी ओतून खायचं. मेतकूट, चटणी, चिक्की, आणि आमा-लेंनी दिलेलं सातूचं पीठ. त्यांच्याकडे त्याला त्साम्पा म्हणतात. आपल्याकडे आजी डब्यात भरून द्यायची त्याचीच चव, फक्त हे जवाचं. पोत्याच्या तळाशी गॅसचा एक छोटा सिलेंडर निघाला, ट्रेकिंगच्या स्टोव्हला फिरवून बसवायचा. विमानात हे नेऊ देत नाहीत, म्हणून दादानं लेहच्या दुकानातून परस्पर टाकायला सांगितला होता, मला न विचारता. मी शीटमध्ये "रॉकेल आहे, गरज नाही" असं लिहिलं होतं. दादानं तो सिलेंडर माझ्या हातात देताना काही म्हटलं नाही. दादा चांगला माणूस आहे.

बाकीचे वीस-एकवीस किलो आमा-लेंना दिले. त्या घेईनात, मग उत्सवाच्या जेवणात घाला म्हटल्यावर घेतले.

आता या वेळी गाडी कशी ठरवली ते ऐका, कारण हे एक काम आम्ही बरोबर केलं. गुस्तोरमुळे लेहच्या गाड्या आलेल्या होत्या. एक ड्रायव्हर पुगा, पोलोकोंग्का ला, त्सो कार, मग हायवेनं तांगलांग ला उतरून लेहला जाणार होता. चौघं त्याच गाडीत बसलो. आम्ही दोघी बावीसला त्सो कारला उतरलो. दादा आणि भाऊ पुढे गेले, आणि तांगलांग ला उतरल्यावर पहिलं गाव कोणतं? रुमत्से! म्हणजे आम्ही जिथे तीन दिवसांनी उतरणार, तिथून ते त्याच संध्याकाळी जाणार होते. दादानं तिथल्या चहाच्या टपरीवर थांबून सांगितलं, दोन मुली क्यामारच्या बाजूनं पंचवीसला येतील. सव्वीसच्या दुपारपर्यंत आल्या नाहीत तर या नंबरवर फोन करा. चिठ्ठीवर लेहच्या गेस्ट हाऊसचा नंबर, थोडे पैसे आगाऊ. आणि लेहला पोचल्यावर त्यानं आईला फोन करून दोन तारखा सांगितल्या. लवकरात लवकर पंचवीसची संध्याकाळ. सव्वीसच्या रात्रीपर्यंत फोन नाही आला तर काळजी करा, त्याआधी नाही. आणि काळजी करायची म्हणजे नक्की कुणाला फोन करायचा, तेही.

चालण्याचं काय सांगू. पहिल्या दिवशी शिबुक ला ओलांडून तिसालिंग, दुसऱ्या दिवशी मंडलचन आणि कुमुर अशा दोन खिंडी एकाच दमात, मग क्यामार. पाठीवर तेरा किलो. सगळ्या खिंडी पाच हजारच्या वर, पण पंधरा-सोळा दिवस उंचीवर काढल्यामुळे अंग तयार होतं. थेट पुण्याहून येऊन हे कुणी करू नका, हात जोडते. एका ओढ्याला पाणी नव्हतं, पुढच्याला होतं. गोड भाजणी तिसऱ्या दिवशी नको झाली.

पंचवीसला दुपारी दोन वाजता रुमत्सेत उतरलो. टपरीवरच्या बाईंनी आम्हाला लांबूनच हात केला. गल्ल्याच्या डब्याला दादाची चिठ्ठी चिकटवलेली होती. त्या म्हणाल्या, सकाळपासून दोनदा वरती बघून आले. त्यांच्याच फोनवरून मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, आज लवकरची तारीख ना? मी उद्या रात्रीपर्यंतची तयारी ठेवली होती." मग लेहकडे निघालेल्या एका टेम्पोवाल्यानं घेतलं. पंच्याहत्तर-एक किलोमीटर. मी बहुतेक उप्शीपर्यंतही जागी नव्हते.

ते शीट मी नंतर पुन्हा केलंय, आणि डिस्क्रिप्शनमध्ये लिंक आहे. आमच्या तारखा काढून टाकल्यात. घोड्यांच्या पानावर "परतीचे दिवस", "त्यांचं जेवण" आणि "उशीर झाला तर किती दिवस थांबणार, त्याचे किती" असे तीन रकाने वाढवलेत. शिध्याच्या पानावर प्रत्येक वस्तूसमोर "पाठीवर नेता येईल का" हा रकाना आहे. घरच्यांसाठी वेगळं पान आहे, मोठ्या अक्षरांत, दोन तारखा आणि तीन नंबर. ते प्रिंट काढून द्या, फाईल पाठवू नका. आणि "बफर डे"च्या चौकटीत शून्य टाकलं तर शीट लाल होतं. ते फॉर्म्युल्यात भावानं घातलंय. काढता येतं का मी बघितलं, पासवर्ड त्याच्याकडे आहे. (हशा)

परवान्यांचे आणि पर्यावरण शुल्काचे नियम बदलत असतात, जाण्याआधी लेह आणि काझा दोन्हीकडे ताजी चौकशी करा. काझाच्या पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका, घोड्यांचे पैसे रोख लागतात. बाकी काही अडलं तर व्हॉइस नोट टाका, पुढच्या भागाच्या आधी उत्तरं देते.